गाईड बदलून मिळणेबाबत

२४ जून २०२४, सोमवार

पीएच.डी.च्या गाईडांची नवी यादी लागली — माझी नोंदणी दोन वर्षांपूर्वीची, आधीचे गाईड रिटायर झाले. माझ्या नावापुढं गाईड — डॉ. महामाया सोनसळे, नांदेड.

तीनदा वाचलं. नाव तेच राहिलं.

महामाया! माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. कंधारकडची पोरगी, होस्टेलला राहायची. बी.एस्सी.ला तीन वर्षं मी गणित शिकवलंय तिला. सिम्प्लेक्स पद्धत तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती माझ्या हातानं फळ्यावर लिहिलेली. आणि आता मी तिच्या हाताखाली पीएच.डी. करणार! बावन्नाव्या वर्षी!

शिवकन्येला सांगितलं. मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं की. ओळखीची हाय."

बायकोला काय काय समजावून सांगायचं माणसानं.

८ जुलै

नांदेडला जाऊन आलो. लातूरहून सकाळची बस, अहमदपूर, लोहा — कंबर मोडून गेली. तिच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिलो. शेजारी चोविशी-पंचविशीची पोरं, कानात वायरी. एकानं विचारलं, "काका, तुम्ही कुणाचे पालक?"

तेवढ्यात ती आली. मला बघून जागीच थांबली. "सर! तुम्ही बाहेर कशाला बसलात?" खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. दर वाक्याला सर, सर. मी एकदाच "मॅडम" म्हणालो. जीभ जड झाली.

विषय काय घ्यायचा? मी म्हणालो, वाहतुकीचा प्रश्न घेऊ, पुस्तकात पुष्कळ आहे. "पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या, सर. तुम्ही लातूरचे. डाळ मिलचं घ्या." मिलमध्ये तूर येते, हरभरा येतो, मूग येतो. यंत्रं तीच. धान्य बदललं की चाळण्या बदला, झाडझूड करा — तेवढा वेळ मिल उभी. मग कुठला लॉट आधी घ्यायचा, कुठला नंतर, म्हणजे मिल कमीत कमी उभी राहील? एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा. पण नुसते दहा लॉट धरले तरी छत्तीस लाखांवर क्रम होतात.

हे मीच तिला शिकवलं होतं! आणि ती मला समजावून सांगत होती, बोटांवर मोजून.

बसमध्ये विचार करत आलो. ती सर म्हणाली याचा राग आला. म्हणाली नसती तरी आला असता.

२२ जुलै

स्टाफरूममध्ये नवा विनोद निघाला आहे. "सरांचं ऑपरेशन कधी?" माझ्या विषयाला ऑपरेशन्स रिसर्च हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला धरून आणावं आणि इथं बसवावं.

सगळ्यात मोठ्यानं हसला तो शेषेराव. आमचा प्राचार्य. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेला! पीएच.डी. केली — कशी केली ते शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक — आणि वर जाऊन बसला. मी सहायक प्राध्यापक म्हणून लागलो, अजून सहायकच. कुणाचा सहायक? रजेच्या अर्जावर त्याची सही मागतो.

मग केबिनमध्ये बोलावून खालच्या आवाजात म्हणाला, "सोनसळेबाईंकडं पडलात होय, सुदर्शनराव? जपून राहा. आता त्यांचे दिवस आहेत."



मी जन्मात कधी जात बघितली नाही. महामायेला पैकीच्या पैकी मार्क मीच दिले होते. दिले म्हणजे — तिनं मिळवले. पण तपासणारा मी होतो ना!

९ सप्टेंबर

पहिलं प्रकरण परत. पानापानावर लाल. एका ठिकाणी समासात बारीक अक्षरात, 'सर, हा परिच्छेद कुठून घेतला आहे?'

घेतला आहे! सगळेच घेतात!

३ ऑक्टोबर

पायथॉन शिका म्हणे, कॉम्प्युटरची भाषा. खरा साप चावला असता तर निदान रजा तरी मिळाली असती.

१७ नोव्हेंबर, रविवार

चाललं! चाललं!!

सहा लॉटचा प्रोग्राम. दीड महिना नुसत्या चुका दाखवत होता. आज सकाळी बटण दाबलं आणि पडद्यावर सरळ क्रम आला. हातानं करून पडताळला. बरोबर. परत पडताळला. बरोबर! मी खुर्चीवरून उठून घरभर फिरलो. शिवकन्या म्हणाली, "काय झालं, इंचू चावला काय?"

महामायेला फोन लावला. रविवार असून उचलला. "सर, खरंच? मला फाईल पाठवा, आत्ता बघते!" पंधरा मिनिटांत तिचाच फोन. "सर, तुम्ही मधली पायरी फार छान सोपी केलीत. मला सुचली नसती."

मला सुचली नसती!

फोन ठेवला आणि रडू आलं. इतक्या वर्षांत माझं गणित कुणी बघितलंच नव्हतं. तेच ते फळ्यावर, तीच पोरं, तीच गाईडबुकं. हे कुणाला सांगू? म्हणून इथं लिहून ठेवतो.

९ डिसेंबर

आता खरे आकडे पाहिजेत. एमआयडीसीतल्या एका मिलच्या मालकानं परवानगी दिली. तुरीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेर, रोज जाऊन बसायचं. कुठला लॉट कधी लागला, कधी निघाला, चाळण्या बदलायला किती वेळ गेला.

व्यंकटी म्हणून मुकादम आहे. दोन दिवस माझ्याकडं टकामका बघितलं. आज विचारलं, "मास्तर, घड्याळ घिऊन काय करायलाव? मालकाचे हेर का काय?" हमाल हसले. माझ्या अंगावर धुळीचा थर. विद्यार्थ्याचा बाप तिथं भेटला असता तर कुठं तोंड लपवलं असतं?

संध्याकाळी मी आकडे सांगतो, शिवकन्या कॉम्प्युटरवर टाईप करते. लग्नाआधी नायगावला टायपिंगची परीक्षा दिली होती तिनं. सत्तावीस वर्षांत मशीनला हात लागला नव्हता, पण बोटं विसरलेली नाहीत. माझ्या दुप्पट वेगानं करते. हल्ली खूश दिसते. कशाला, कुणास ठाऊक.

३० डिसेंबर

येळवस, वेळ अमावस्या. गावाकडं, शेतात. लातुरात आज चिटपाखरू नाही — दुकानं बंद, मिल बंद, सगळं शहर रानात. शिवकन्येनं पहाटे उठून भज्जी, उंडे, आंबील केलं. लई जेवलो. बांधावर झाडाखाली झोपलो. गाईड नाही, धूळ नाही, व्यंकटी नाही. बरं वाटलं.

२० जानेवारी २०२५

खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, धूळ बंद करा. वरून मालकाचा निरोप — मास्तरांना सांगा, हंगामात पायात पायात नको. झालं! सहा आठवड्यांचे आकडे हातात आहेत. पाहिजेत सोळा आठवड्यांचे. हंगाम काय माझ्यासाठी थांबतो?

नांदेडला कळवलं नाही. तिला तोंड कशाला दाखवायचं.

१० फेब्रुवारी

विचार केला. सहा आठवड्यांच्या आकड्यांवरून सरासरी निघते. रोज किती खालीवर होतं तेही निघतं. मग उरलेले दिवस त्याच मापात काढता येतात की! कॉम्प्युटर काढून देतो. हे खोटं नव्हे, गणितच आहे. डिसेंबरात मध्ये मध्ये न गेलेले दिवस होते, तेही भरून टाकले. फेब्रुवारी-मार्च अजून उजाडायचे आहेत, तेही!

मी सांगत गेलो, शिवकन्या टाईप करत गेली. मध्येच हात थांबले.

"अहो, तुम्ही तर महिना होत आला, मिलला गेलाच न्हाई."

"तू टाईप कर."

केलं तिनं. पण आज बोटं सावकाश चालत होती. झोप आली असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

महामाया लातूरला व्याख्यानाला आली होती. कळवलं — काकूंना भेटून जाते. घरी आली. मी बैठकीत बसवलं तर पाच मिनिटांत उठून स्वयंपाकघरात गेली. तिथंच पाटावर बसून दोघी बोलत बसल्या, मी बाहेर पेपर घेऊन. माझ्या घरी, माझी गाईड, आणि मी बाहेर!

ऐकू येत होतं. "काकू, टायपिंग तुम्ही केलंत? इतकं नीट! माझी पोरं सुद्धा असं करत नाहीत." शिवकन्या काहीतरी पुटपुटली. मग महामाया तिथूनच मोठ्यानं मला, "सर, ऋणनिर्देशात काकूंचं नाव लिहा हं. नुसतं 'माझी पत्नी' नाही. नाव!"

दोनदा चहा झाला. पोहे झाले. गेली.

शिवकन्या भांडी घासता घासता — "माझं नाव येणार म्हणे पुस्तकात?"

"बघू," म्हणालो.

८ एप्रिल

दुसरा प्रगती अहवाल. 'समाधानकारक.' खाली तिची सही. डिसेंबरात पहिल्यावर होती तशीच.

बघा! चालतंय की सगळं.

१४ जुलै

प्रबंध पूर्ण. जिल्दीतला नव्हे, कच्चा. पण पूर्ण! शेषेरावानं केबिनमध्ये पेढा दिला — आपण होऊन! म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बढतीची समिती बसणार आहे. त्याच्या आत पदवी हातात पाहिजे. नंतर नियम बदलणार असं ऐकतो." हिशोब केला. सप्टेंबरात सादर, मार्चपर्यंत तोंडी परीक्षा. बसतंय. सगळं बसतंय.

सहयोगी प्राध्यापक डॉ. सुदर्शन. पाठकोऱ्या कागदावर लिहून बघितलं आणि फाडून टाकलं.

१९ ऑगस्ट

 लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

केबिनमध्ये गेलो. तिनं दार लावून घेतलं.  समोर प्रबंध, आकड्यांचं पान उघडलेलं.

"सर, तीस डिसेंबरला मिल चालू होती?"

"असेल. आता काय आठवतंय."

"त्या दिवशी नऊ लॉट निघालेत. अख्ख्या महिन्यात सगळ्यात जास्त."

"मग?"

"सर, त्या दिवशी येळवस होती."

पंखा फिरत होता. मी पंख्याकडं बघितलं.

ती हळू बोलली. "मी तीन वर्षं लातूरला होते, सर. येळवशीला मेससुद्धा बंद असायची. एकदा काकूंनी होस्टेलवर भज्जी पाठवली होती. मला ती तारीख चुकत नाही." मग पानं उलटली. "आणि जानेवारीच्या मध्यापासून आकडे फार गुळगुळीत आहेत. एक दिवस वीज गेली नाही, एक दिवस पट्टा तुटला नाही. मी आधीच बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही. तुमचं काम म्हणून बघितलं नाही."

तिनं प्रबंध मिटून माझ्यापुढं सरकवला.

"मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्ही एक हंगाम परत बसा. डिसेंबर ते मार्च. दुसरी मिल मी शोधून देते."

"वर्ष जाईल!"

"जाईल."

"उन्हाळ्यात बढतीची समिती आहे माझी!"

तेव्हा तिचा चेहरा बदलला. "सर, तुम्ही आठ वर्षांनी रिटायर व्हाल. माझी अजून तेवीस वर्षं आहेत. हे माझ्या सहीनं जाणार. उद्या कुणी बोट ठेवलं तर तुमच्याबद्दल म्हणतील, वय झालं होतं बिचाऱ्याचं. माझ्याबद्दल काय म्हणतील, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच राग आला बहुतेक.

"तू मला शिकवू नकोस!" तोंडातून गेलं. वर्षभर मॅडम म्हटलेलं सगळं एका शब्दात वाहून गेलं.

"तेच काम आहे माझं, सर," ती म्हणाली, आणि दार उघडलं.

२० ऑगस्ट

येळवस! कुणाला आठवलं नसतं. पुण्याच्या परीक्षकाला येळवस काय ते माहीतसुद्धा नसतं!

१ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. घरात पाहुणे, मी आतल्या खोलीत. शिवकन्या ताट घेऊन आली. तोंड का पाडून बसलात म्हणाली. सांगितलं सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यात काय एवढं. बसू परत. मी बी येते. तुम्हाला धूळ सोसत न्हाई तर मी बसते घड्याळ घिऊन, तुम्ही बाहेर बसा."

बायकोला डाळ मिलमध्ये बसवू? हमालांत? लोक काय म्हणतील?

"एक वरीस तर हाय," म्हणाली.

हिच्यासाठी एक वरीस. माझ्यासाठी ते शेवटचं आहे, हे हिला कसं समजणार!

११ सप्टेंबर

शेषेरावाकडं गेलो. आकड्यांचं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं — बाई मुद्दाम अडवून राहिली, एक वर्ष आणखी थांबा म्हणते. त्यानं शांतपणे ऐकलं. "गाईड बदलून घ्या. माझा एक माणूस आहे, महिन्यात सही देईल. पण बदलायला कारण लागतं. नुसतं त्रास देते म्हणून भागत नाही. त्रास सगळेच देतात."

"मग?"

"पैशाचं लिहा. आणि साक्षीदार पाहिजे. कधी घरी आल्या होत्या का?"

मी म्हणालो, फेब्रुवारीत. एकदा.

"कोण होतं घरात?"

१६ सप्टेंबर

लिहिला अर्ज. विषय : मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत.

'...सदर मार्गदर्शक यांनी दि. २२ फेब्रुवारी रोजी माझ्या राहत्या घरी, माझी पत्नी सौ. शिवकन्या हिच्या समक्ष, काम लवकर पूर्ण करून देण्याच्या मोबदल्यात रकमेची अप्रत्यक्ष मागणी केली...'

किती सहज लिहिता येतं. सदर म्हटलं की आपण लिहितोय असं वाटतच नाही.

'अप्रत्यक्ष' हा शब्द शेषेरावाचा.

२५ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. पुलांवर पाणी, नांदेडच्या गाड्या बंद. अर्ज मात्र पोचला. पोच आली.

९ ऑक्टोबर

तिचा फोन. उचलायचा नव्हता, उचलला.

"सर, पैसे? मी?"

मी म्हणालो, जे काय आहे ते समितीपुढं बोलू.

 ती म्हणाली, "बातमी कंधारला गेली, सर. माझ्या वडिलांना पारावर कुणीतरी विचारलं, पोरगी किती घेते म्हणून. दोन दिवस झाले, घराबाहेर पडले नाहीत ते." आवाज फुटला. सावरला. "मी कडक आहे लिहायचं होतं. मला काही येत नाही लिहायचं होतं. मी उत्तर दिलं असतं. हे नको होतं, सर."

आणि तरीही सर!

मी फोन ठेवला. जेवलो नाही. पोट बरं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

दिवाळी गेली. कशी गेली, कळलं नाही.

शेषेरावानं तिच्या खुलाशाची प्रत मिळवली. पैशाचा आरोप साफ नाकारला आहे. आकड्यांबद्दल फक्त एक ओळ — 'संशोधकास माहिती पुन्हा गोळा करण्यास सुचविले होते.' बस्स. बनावट हा शब्द नाही. येळवस नाही.

मी आधीच ओळखलं होतं! दोन अहवालांवर 'समाधानकारक' म्हणून तिच्या सह्या आहेत. आकडे बनावट म्हणाली तर तिनं काय बघितलं, हा प्रश्न आधी तिलाच विचारतील. ती बांधली गेली आहे. माझ्याइतकीच.

शेषेराव म्हणाला, "मग जिंकलात, सुदर्शनराव."

हाव, होय. जिंकलो म्हणायचं.

२ नोव्हेंबर

नोटीस आली. १४ तारखेला नांदेडला चौकशी समिती. साक्षीदारासह हजर राहावे.

आता सांगणं भाग होतं. शिवकन्या कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्जाची प्रत पुढं ठेवली. चष्मा लावून वाचली. हळूहळू, ओठ हलवत, शेवटपर्यंत.

"त्या पोरीनं पैसे मागितले?"

"तसं सूचित केलं होतं."

"कवा? मी तिथंच होते की."

"तुझ्या लक्षात आलं नसेल. तुला या गोष्टी काय कळतात!"

प्रतीवर बोट ठेवून बसून राहिली. तिथं, जिथं तिचं नाव आहे. "नाव आलं म्हणायचं माझं. पुस्तकात न्हाई, अर्जात."

मी समजावलं. सगळं समजावलं. तीस वर्षं फळ्यासमोर घालवली, एक पायरी वर चढायची राहिली आहे. शेवटची. आपल्या दोघांसाठीच आहे हे. तिला काही कोर्टात जायचं नाही, एक शब्द बोलायचा आहे. महामायेवर कारवाई वगैरे काही होत नसते, ताकीद देतील, मला गाईड बदलून देतील, संपलं.

तिनं प्रत घडी करून कपड्यांच्या घडीवर ठेवली. माझ्या शर्टांच्या.

८ नोव्हेंबर

शिवकन्या बोलत नाही. म्हणजे बोलते — जेवायला या, गॅस संपला, दूधवाला आला. बाकी नाही. वय झालं की बायका अशाच होतात, असं शेषेराव म्हणतो.

१३ नोव्हेंबर

उद्या. सकाळची बस. माझं पूर्ण तिकीट, तिचं अर्धं — बायकांना एसटीत अर्धंच लागतं.

दुपारी तिला समोर बसवून तयारी घेतली. मी समितीचा माणूस झालो. "मॅडमनी तुमच्यासमोर काही मागितलं होतं का?"

ती माझ्याकडं बघत राहिली.

"हाव म्हणायचं. फक्त हाव. पुढचं काही विचारलं तर — मला नक्की आठवत नाही. म्हण बघू."

"हाव."

"शाब्बास! आणि पदर असा चाचपू नको. सरळ बस."

"बरं."

सुटकेचा निःश्वास टाकला. एवढं सोपं होतं, उगाच घाबरलो. तिनं आपली निळी साडी इस्त्री करून ठेवली आहे. माझा शर्टही. म्हणाली, "झोपा आता, लवकर उठायचं हाय."

चांगली बायको आहे. म्हणायला पाहिजे.

१४ नोव्हेंबर

टेबलामागं तिघं. अध्यक्ष एक वयस्क बाई. महामाया कडेच्या खुर्चीत, खाली बघून.

"बावीस फेब्रुवारीला मॅडमनी तुमच्यासमोर काही मागितलं होतं का?"

"हाव," शिवकन्या म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला.

"चहा मागितला. दुसऱ्या बारीला. म्हणाल्या, काकू, साखर कमी घाला." मग जरा थांबून, "दुसरं काय बी न्हाई मागितलं. ह्यांनी लिहिलंय ते खोटं हाय. आणि मिलचे आकडे मी टाईप केलेत. अर्ध्याच्या वरचे मिलला न जाता सांगितलेले. मला ठाऊक होतं, तरी केले. ते बी लिहून घ्या."

महामायेनं डोळे मिटले.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "जबाबावर नाव काय घालू? सौ...?"

"शिवकन्या घाला. नुसतं शिवकन्या."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारीच बसली. कंडक्टर आला. माझा हात खिशात गेलाच नाही. तिनं पिशवीतून पैसे काढले.

"दोन लातूर. एक अर्धं, एक पूर्ण."